तबला यायच्या आधी

अकरमभाईंच्या खुर्चीत माणूस झोपतो. लातुरातल्या क्लासच्या पोरांना ही गोष्ट तेव्हा पाठ होती.

त्यांचं केस कापायचं दुकान गुरुबसप्पा सरांच्या इमारतीत तळमजल्यावर होतं. वर सरांचा फिजिक्स-केमिस्ट्रीचा क्लास. मी क्लासच्या नोट्सची प्रुफं तपासायचो. मराठीत एम.ए. झाल्यावर मिळालेलं ते पहिलं काम. दुपारी खाली जाऊन दुकानातल्या बाकड्यावर बसायचो.

पोरं पहाटे क्लासला शिरायची. नांदेड, मुदखेड, देगलूरकडची. डोळे सुजलेले, मानेवर केस वाढलेले. अकरमभाई केस कापायचे, मग मान मागं टेकवून टेप लावायचे. बासरी नाहीतर सतार, अगदी संथ. बोटं डोक्यात फिरायला लागायची. थोड्या वेळात पोराचं तोंड उघडं पडायचं.

मग ते त्याला उठवायचे नाहीत. बाकड्यावरचं गिऱ्हाईक चुळबुळ करायचं, कुणी उठून समोरच्या टीव्हीवाल्या सलूनमध्ये जायचं. अकरमभाई कैची पुसत उभे राहायचे.

त्यांच्या कॅसेटी त्यांनी स्वतः भरल्या होत्या. एकीतही तबला नव्हता. रागाची संथ सुरुवात तेवढी ठेवायची आणि तबल्याची पहिली थाप पडायच्या आत बटण दाबून भरणं थांबवायचं. एकदा एक गाण्याचे मास्तर दाढीला बसले आणि चिडले. हे म्हणजे लग्नात नुसत्या अक्षता वाटून जेवणाआधीच पंगत उठवण्यासारखं झालं, म्हणाले. अकरमभाईंनी ऐकून घेतलं.

"तबला आला की गिऱ्हाइकाचा पाय हलतो, मास्तर. पायामागं मान हलते. माझ्या हातात वस्तरा हाय. पुढचं जाग्या माणसानं ऐकावं."

रागांची नावं त्यांना येत नव्हती. मी विचारलं तर हसले. "ही सकाळची, ही उन्हाची, ही लई थकलेल्याची," एवढंच.

एक दिवस गुरुबसप्पा सर स्वतः खाली आले. हातात कॅसेट. सरांनी सगळी सूत्रं आपल्या आवाजात भरली होती. केस कापताना पोरांचा वेळ फुकट जातो, तेवढ्यात उजळणी होईल, असं त्यांचं म्हणणं. शिवाय पोरं इथं झोपतात आणि तास बुडवतात, हेही त्यांनी हसत सांगितलं. सर वाईट नव्हते. त्यांना पोरांचे मार्क दिसायचे, दुसरं काही दिसायला सवड नव्हती.

अकरमभाईंनी घरमालकाचा मान राखला. कॅसेट लावली. पोरं खुर्चीत ताठ बसायला लागली. डोळे मिटलेले, पण ओठ चालू. जबडा वर-खाली, वर-खाली. चौथ्या-पाचव्या दिवशी सुदर्शन नावाच्या पोराच्या हनुवटीला वस्तरा लागला. रक्त आलं. पोरगं सूत्र म्हणतच राहिलं. त्याला कळलंच नाही.

अकरमभाईंनी टेप बंद केला. जखमेवर तुरटी फिरवली. हात धुतले आणि कॅसेट घेऊन वर गेले. मी मागोमाग गेलो.

"सर, तुमची कॅसेट चांगली हाय," ते म्हणाले. "पण पोरगं जिना उतरलं की माझं गिऱ्हाईक हाय. तेवढा वेळ तरी त्याला कुणी काय विचारू नये."

सरांनी कॅसेट घेऊन खणात टाकली. मग म्हणाले, "तर मग जागा दुसरीकडं बघा, अकरमभाई."

"हाव. बघतो."

एवढंच. त्यांनी विनवणी केली नाही. मी धावत त्यांच्या मागं गेलो. जिन्यात त्यांना अडवलं. मुलगी इकरा दहावीला, दुकान चांगलं चाललेलं, परत जा, दोन शब्द बोला, म्हणालो. ते पायरीवर बसले आणि मला भूकंपाचं सांगितलं.

भूकंप झाला तेव्हा ते हत्यारांची पेटी घेऊन किल्लारीकडं गेले होते. घराघरात मयत, मागं उरलेल्या पोरांना डोकी भादरायची होती आणि न्हावी पुरत नव्हते. पैसा कुणाकडून घेतला नाही. ग्यानोबा नावाचा एक माणूस दगडावर येऊन बसला. त्याच्या घरातलं कुणी उरलं नव्हतं. तेव्हापासून त्याला झोप नव्हती. मदतीच्या तंबूत कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर बासरी चालली होती. अर्धं डोकं झालं आणि ग्यानोबा अकरमभाईंच्या पोटाला टेकून झोपला. लोक ओरडत होते, उठवा त्याला, जेवण वाटून राहिलेत. अकरमभाई हलले नाहीत. पाय बधिर झाले तरी उभेच राहिले.

"त्या दिवशी कळलं मला, माझ्या हातात काय हाय ते," म्हणाले. "ते कसं सोडू?"

मी बाजूला सरून त्यांना वाट दिली.

नवी जागा नांदेड रोडला मिळाली. एक पत्र्याचं शेड. तोंड रस्त्याकडं. पोरं शोधत आली खरी, पण कुणी झोपेना. ट्रकचे हॉर्न. समोरच्या आरशात सगळी वाहतूक पळताना दिसायची आणि पोरांचे डोळे तिच्यामागं. आठवडा गेला. अकरमभाई गप्प झाले. जागा गेली त्याचं दुःख नव्हतं, ज्यासाठी ती सोडली तेच हातचं गेलं होतं.

मग एका सकाळी त्यांनी खुर्ची उचलून शेडच्या मागच्या दाराशी नेली. तिकडं लिंबाचं झाड, पुढं रिकामं रान. आरसा तिकडं नेला नाही.

"आरशाशिवाय सलून कुठं असतं का, भाई?" सुदर्शन म्हणाला. "कसा दिसून राहिलो मला कसं कळंल?"

"मी बघतोय ना. तू कशाला बघतो?"

पोरगं हसलं. बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यानं डोळे मिटले. सारंगी चालू झाली. हॉर्न होतेच, पण शेडच्या पलीकडं. अकरमभाईंचा हात हळूहळू चालला होता. मी दाराशीच थांबलो.

सुदर्शन झोपला.

तेवढ्यात त्याचे वडील आले. दगडोबा, अर्धापूरचे, केळीची बाग आहे. खांद्यावर पोरासाठी केळीचा फणा. खोलीवर पोरगं भेटलं नाही म्हणून विचारत विचारत इथवर पोचले होते. परतीची येष्टी लगेच होती. मी पोराला हाक मारायला पुढं झालो. दगडोबांनी माझं मनगट धरलं. ते पोराच्या तोंडाकडं बघत राहिले.

"राहू द्या," ते हळूच म्हणाले. "लहानपणी असाच झोपायचा."

"आन् येष्टी?" मी विचारलं.

"जाऊ द्या तिला."

ते लिंबाखाली मांडी घालून बसले. अकरमभाईंनी माझ्याकडं पाहिलं. छाती काढून उभा राहिलेला न्हावी मी पहिल्यांदाच बघत होतो.