अक्कांचा डावा डोळा

अक्कांच्या डाव्या डोळ्यात दोन बाहुल्या होत्या. एक कडेला सरकून थेंबासारखी लांबट झालेली आणि तिच्याशेजारी दुसरी, बारीक. शिवाजी पेठेतल्या आम्हा बायकांना त्या स्कूटर शिकवत. नवी बाई आली, की रस्ता सोडून त्या डोळ्याकडेच पाहत राही. अक्का म्हणत, "बघून घे एकदा मनासारखं. मग म्होरं बघायचं."

तिशीपर्यंत तो डोळा चांगला होता. मग हा दुर्मीळ आजार झाला. डोळ्यावरच्या काचेसारख्या पडद्याच्या आतल्या पेशी वेड्यावाकड्या पसरत गेल्या आणि त्यांनी मागचा रंगीत पडदा ओढून फाडला. दुसरी बाहुली म्हणजे त्याला पडलेलं भोक. एकीच्या सासूनं "लागट असंल" म्हणून सुनेला यायचं बंद केलं, तेव्हा अक्का थेट तिच्या घरी जाऊन बसल्या. "माझ्याच दुसऱ्या डोळ्याला लागलं न्हाय, तुमच्या सुनेला कसं लागंल?" दुसऱ्या दिवशी सून हजर!

सकाळी त्या डोळ्यासमोर धुकं असे, दुपारपर्यंत ते निवळे. म्हणून त्यांची शिकवणी दुपारनंतर. पुढं धुकं दिवसभर राहू लागलं, तेव्हा कुणाच्या तरी नेत्रदानातून मिळालेला काचेसारखा पडदा त्यांना बसवला. वर्षभर छान दिसलं. पण त्याच आजारानं वाढलेला डोळ्यातला दाब ना औषधांना बधला, ना ऑपरेशनला. डोळा गेला.

तरी त्या स्कूटर चालवत. एकदा मी मागं बसले होते. वळणावर डावीकडून आलेली सायकल त्यांना दिसलीच नाही. कुणाला लागलं नाही. अक्का उतरल्या, किल्ली माझ्या हातात दिली. "आता मी मागं बसतो." घर येईपर्यंत त्या पदरानं डोळे पुसताना मला आरशात दिसत होत्या. त्यानंतर शिकवलं ते मागच्या सीटवरूनच.

गेल्या वर्षी त्या कायमच्या भावाकडे हातकणंगल्याला गेल्या. "एसटी नको, तू सोड," म्हणाल्या. एवढ्या मोठ्या रस्त्यावर मी कधी गाडी घातली नव्हती. बाजूनं ट्रक गेला, की मी गाडी कडेला घेई. भावाच्या दारात पोचलो, तरी मी हँडल सोडलं नव्हतं.

"अक्का, परत एकटी कशी जाऊ?"

"आलीस तशीच की." त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "हळू जा म्हणणार न्हाय मी. नीट जा."