कोपऱ्यावरची न्हाणी

माझ्या पोरीला ऐकू येत नाही. हे सांगून सांगून माझी जीभ झिजली, तरी जो भेटेल तो मला एकच शहाणपण शिकवायचा, "कोपऱ्यावर हॉर्न वाजवून वळायचं, मंग काय होते?" अरे बाबा, तू वाजवशील. ती ऐकेल कशानं? तिच्या सायकलीला घंटी आहे, चांगली ठणठणीत. ती घंटी दुनियेसाठी आहे. तिला स्वतःला फक्त डोळे आहेत.

आम्ही राहतो तालुक्याच्या गावाच्या कडेला, प्लॉटांवर. आमची गल्ली जिथं मोठ्या रस्त्याला लागते, तिथं उजव्या हाताला कोपऱ्यावर मावशीचं घर. मावशी नात्याची नाही, अख्ख्या गल्लीची मावशी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, पोरगी केनवडला दिलेली, एकटी राहते. तिच्या घराच्या बाजूनंच जीपा येतात, सोयाबीनचे ट्रॅक्टर येतात, आणि हळू कोणीच येत नाही. पण गल्लीतून बाहेर पडणाऱ्याला त्यातलं काही दिसायचं नाही, कारण मध्ये मावशीचं कुंपण. उभ्या रोवलेल्या तुराट्या, त्यांना बांधलेली जुनी लुगडी, आणि सगळ्यावर चढलेला वालाचा वेल. माणसाच्या डोक्याच्याही वर. हिवाळ्यात त्या वेलाचा वानोळा घरोघर जायचा, आणि पहिली ओंजळ शेंगा आमच्याकडे, कारण माझ्या पोरीला वालाची भाजी आवडते.

पोरगी शिवण शिकली आणि गावातच शाळेचे कपडे शिवायच्या कामावर लागली. सायकलनं जायला लागली तेव्हापासून माझा जीव सकाळी नऊला गळ्याशी यायचा. मी तिच्या मागं कोपऱ्यापर्यंत जायची, आधी स्वतः रस्त्यावर उतरून पाहायची, मग हात हलवायची. तिला याचा राग यायचा. मोठ्या पोरीला आई रस्ता ओलांडून देते म्हणून कामावरच्या बाया हसत असणार. एके दिवशी तिनं मला हातानं ठणकावून सांगितलं, घरी बस, मी लहान नाही.

मी घरी बसले, आणि त्याच आठवड्यात मोटारसायकलचा आरसा तिच्या कोपराला घासून गेला. कातडं सोललं, बाकी काही नाही. मी धावत पोचले तेव्हा तो बाबा गाडीवर बसूनच ओरडत होता, "बहिरी हायेस काय वं?" मी म्हणाले, "हो, हाये." तो गाडी चालू करून निघून गेला.

आमच्या घरचे म्हणायचे, म्हातारी अडेल आहे, एवढं कुंपण कशाला लागते तिले. गल्लीतले सगळे पुरुष असंच म्हणायचे. बायांना मात्र ठाऊक होतं. त्या कुंपणाच्या आत मावशीची न्हाणी होती. एक फरशीचा दगड, बाजूला बादली, आणि पाणी जायला नाली. तिचं घर एका खोलीचं. दुसऱ्या अंगाला नाली नाही, शेजारी पाणी येऊ देत नाही. सकाळी ती बादली उन्हात ठेवायची, झाडलोट, बकरीचं चारापाणी उरकायची आणि पाणी कोमट झालं की आंघोळीला बसायची. आंघोळ झाल्याशिवाय बुद्धापुढं वंदना नाही, वंदना झाल्याशिवाय तोंडात घास नाही. आणि आमचा रस्ता दरवेळी सिमेंट टाकून वर येतो, घरं तिथंच राहतात. कुंपण नसलं तर रस्त्यावरच्या माणसाला तिचं अंगण ताटात वाढल्यासारखं दिसणार.

मी तिच्याशी बोलले नाही असं नाही. हातापाया पडून बोलले. म्हटलं, मावशी, आमच्या घरी येत जा आंघोळीला, पाणी तापवून ठेवीन. ती म्हणाली, "रोज रोज दुसऱ्याच्या घरी आंघोळीले? सासरी असतानी केलं तेवढं पुरे झालं." म्हटलं, संडासाच्या खोलीत बसा. यावर ती माझ्याकडे अशी पाहत राहिली की मीच उठून आले. माझ्या पोरीवर तिचा जीव नव्हता असंही नाही. लहानपणी तापात हिचे कान गेले तेव्हा मी दवाखान्यात आणि माझ्या घरची चूल तिनं सांभाळलेली. म्हणून तर मला धड भांडताही येईना. धरलं तर चावते, सोडलं तर पळते.

मग गावातल्या दुसऱ्या एका कोपऱ्यावर दूधवाला पडला, चांगला जबर पडला, आणि नगर परिषदेला जाग आली. लाउडस्पीकर लावलेला ऑटो फिरला. कोपऱ्यापासून दोन्ही अंगांनी काही पावलांपर्यंत कुंपण, झाड, वेल, काहीही कमरेच्या वर ठेवायचं नाही. ज्यांनी ऐकलं त्यांनी छाटलं. बाकीच्यांकडं एक साहेब मापाची काठी आणि कोयतेवाली दोन माणसं घेऊन आला.

आमच्या कोपऱ्यावर आला तेव्हा सगळी गल्ली जमली. साहेब माणूस बरा होता. म्हातारीचं घर बघून त्याचाही आवाज खाली आला. त्यानं विचारलं, "आजी, इतकं उंच कायले पाहिजे?"

मावशी म्हणाली, "बकऱ्या शिरतेत."

तिच्याकडं एकच बकरी, तीही बांधलेली. साहेब हसला. आम्ही बाया खाली पाहत उभ्या. त्या परक्या पुरुषांपुढं ती काय सांगणार होती, आणि आमच्यातली कोण सांगणार होती? गल्लीतले बापे म्हणायला लागले, जाऊ द्या सायेब, एकटी आहे, वेलाचं खाते, आम्हालाही खाऊ घालते. साहेबानं काठी खाली टेकवली आणि म्हणाला, "कोणाची हरकत नसल तर मी राहू देतो. हाय का कोणाची हरकत?"

माझी पोरगी दारात सायकल धरून उभी होती. तिला या बोलण्यातलं अक्षर कळलेलं नव्हतं. ती सगळ्यांच्या तोंडाकडं पाहून ओळखायचा प्रयत्न करत होती, नेहमी करते तसा. मी तिच्याकडं पाहिलं. मावशीकडं पाहायची माझी छाती झाली नाही. एखाद्या सकाळी ती जीपखाली सापडलेली माझ्या डोळ्यांपुढं आली आणि मी म्हणाले, "माही हाये. तोडा."

कोयते चालले. शेंगा पिकायला आलेल्या होत्या, त्या मातीत पडल्या. लुगडी सुटली. तुराट्या कमरेपर्यंत आल्या, आणि रस्ता उंच, त्यामुळं आतला दगड, बादली, तारेवर वाळत घातलेला परकर, सगळं उघडं पडलं. साहेबानं ते पाहिलं आणि त्याला कळलं. त्यानं तोंड दुसरीकडं केलं, माणसांना चला म्हणाला. मघाशी तोंड वर करून बोलणारे बापेही एकेक करून घरात शिरले.

मी शेंगा गोळा करायला वाकले. मावशी माझ्याशेजारी बसली आणि शेंगा पदरात घेत म्हणाली, "तुह्या पोरीले आता रस्ता दिसन. अन् मी रस्त्याले दिसन." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडण मला येतं. मला रडूच आलं, आणि तिनं माझ्या पदरातही ओंजळभर शेंगा टाकल्या.

दुसऱ्या दिवसापासून ती अंगावरच्या लुगड्यासकट आंघोळ करायला लागली, रस्त्याकडं पाठ करून. ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं, थरथरत आत जायची. वेळ तीच, उन्हाची, कारण गार पाणी तिला सोसत नाही. मी सकाळी दारातून कोपऱ्याकडं पाहायची. मला वाटायचं, झालं ते वाईट झालं, पण माझी पोरगी तरी आता सुटली. उजवीकडचा रस्ता दूरवर मोकळा दिसत होता. म्हणून मी पुन्हा तिच्या मागं जायचं सोडलं, या वेळी निर्धास्त.

एका सकाळी पोरगी निघाली. कोपऱ्यापाशी पोचली, आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, तिनं मान खाली घातली. नुसती खाली नाही, डावीकडं फिरवली. उजवीकडं मावशी दगडावर बसलेली होती. पोरगी तशीच, मान फिरवलेली, रस्त्यावर उतरली, आणि उजवीकडून जीप आली.

मी ओरडले. काय उपयोग होता, पण ओरडले. मावशी पाण्याच्या तांब्यासकट उठून उभी राहिली, त्या ओल्या लुगड्यानं, भर रस्त्यासमोर, दोन्ही हात वर करून. जीपवाल्यानं तिच्याकडं पाहिलं की पोरीकडं, देव जाणे, पण करकचून ब्रेक मारला. सायकलच्या चाकाला जीप टेकली आणि थांबली.

घरी आणून मी पोरीला गदागदा हलवलं. तिकडं पाहिलं काहून नाहीस, हातानं विचारलं, परत परत विचारलं. तिनं मावशीच्या घराकडं बोट केलं, मग अंगावर पाणी घेतल्याची खूण केली, आणि दोन्ही हातांनी स्वतःचे डोळे झाकले. तिकडं कसं पाहू?

संध्याकाळी मावशी आली. ओट्यावर बसली, चहाला नाही म्हणाली. म्हणाली, "पोरगी गेली का मले आवाज देत जाय. मंग मी बसीन आंघोळीले." मी म्हटलं, तुमची वंदना, जेवण सगळं लांबेल. "लांबू दे," म्हणाली.

आता तसंच चालतं. मावशी दारात बसून राहते, बादली उन्हात, दगड रिकामा. पोरगी निघताना मी रोज तिला दोन्ही हातांनी समजावते, तिथं कोणी नाही, उजवीकडं पाहा, डोळे भरून पाहा. ती माझे हात पाहते, हो म्हणते, ओढणी बांधते आणि निघते. आणि कोपरा आला की तिची मान डावीकडं फिरते. म्हणून मी पुन्हा तिच्या आधी रस्त्यावर जाऊन उभी राहते.