भगवानराव डॉक्टरांची सुई

उस्मानपुऱ्यात भगवानराव डॉक्टरांकडे दात काढायला गेलेल्या माणसाला आधी गाणं ऐकावं लागे. रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत डॉक्टर हत्यार हातात घेत नसत. पेशंट खुर्चीत आडवा, तोंडाचा आ वासलेला, आणि डॉक्टर कोपऱ्यातल्या टर्नटेबलपाशी डोळे मिटून उभे. कुणी घशातून कण्हलंच तर म्हणत, "थांबा हो, तान चालूय. दात काय पळून चाललाय का?" एकदा दारातून आत येणाऱ्या एका बाईंच्या कानावर "सुई पार बोथट झाली, पण आजचा दिस चालवू" एवढंच पडलं. त्या बाई पायऱ्या उतरून गेल्या त्या परत आल्या नाहीत.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. रविवारी सकाळी दवाखाना बंद असे आणि मला खालून हाक येई. सुमनवहिनी चहा करत आणि तिसरे बशीरभाई आधीच येऊन बसलेले असत. बशीरभाई मूळचे खुलताबादचे, हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. डॉक्टर वैजापूरकडच्या शेतकरी घरातले. दोघांची गाठ रेकॉर्डच्या वेडापायी पडली होती आणि त्याच वेडापायी त्यांचं एकमेकांशी कधीही पटलं नाही.

भांडण सुईचं होतं. रेकॉर्डच्या चरीतून फिरणारी सुई ज्या चिमुकल्या डबीत बसते, तिला कार्ट्रिज म्हणतात. भारी कार्ट्रिज घेणाऱ्यांची डॉक्टर टिंगल करत. "कवळी सोन्याची केली म्हणून भाकर गोड लागते व्हय?" त्यांचं कार्ट्रिज साधं, स्वस्तातलं, पण त्याची सुई पुढून ओढून काढता येई आणि जागेवर दुसरी बसवता येई. अशा सुया त्यांच्याकडे दोन जातींच्या होत्या. अंडाकार टोकाची सुई चरीच्या बारीक वळणांत शिरते, त्यामुळे बारीक आवाज, विशेषतः गाणाऱ्याचा 'स', स्वच्छ निघतो. गोल टोकाची जरा वरवरून जाते. तिच्यातून बारकावे सुटतात, पण जुन्या रेकॉर्डवरचे ओरखडेही सुटतात. डॉक्टर अंडाकाराचे, बशीरभाई गोलाचे.

"क्या जी डॉक्टर," बशीरभाई म्हणायचे, "अपनी रेकॉर्डां पुरानी. तुमारी अंडेवाली सुई गाना कम, कचरा ज्यादा सुनाती."

"मास्तर, तुमचे कान गणिताचे. तुम्हाला राऊंड फिगरच आवडणार."

याच्या पुढे दोघंही एकमेकांच्या खानदानाच्या कानांपर्यंत जायचे.

मधल्या काळात डॉक्टरांची एक नवी तक्रार सुरू झाली. पेशंट तोंडातल्या तोंडात बोलतात म्हणे. "अहो, त्यांचा जबडा तुमच्या हातात असतो," वहिनी म्हणाल्या. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्यावर "अजून भात झाला नाय का?" असं ते विचारू लागले, तेव्हाही आम्ही हसलोच.

शेवटी एका रविवारी बशीरभाईंनी पैज लावली. वहिनींनी चादरीच्या आडोशाला बसून सुया बदलायच्या, एकच गाणं वाजवायचं आणि डॉक्टरांनी सुई ओळखायची. डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या. पहिली सुई लागली. "गोल!" डॉक्टर म्हणाले. माझ्या अडाणी कानालाही ती अंडाकार वाटत होती. दुसऱ्या वेळीही ते चुकले. बशीरभाईंचा चेहरा खुलायला हवा होता, पण ते डॉक्टरांकडे टक लावून बघत होते.

तिसऱ्यांदा गाणं लागलं आणि माझे दात आंबले. गाणारीचा प्रत्येक 'स' तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा फसफसत होता. डॉक्टरांनी मात्र डोळे मिटले, मान डोलावली. "वा! ही बघा. ही अंडाकार. कसं काचेसारखं स्वच्छ!"

मी बशीरभाईंकडे पाहिलं. ते खाली बघत म्हणाले, "बराबर है. अंडाकार."

चादर बाजूला झाली. वहिनी बाहेर आल्या. "अहो, ही जुनी, घासलेली. तुम्ही टाकून दिली होती ती."

रेकॉर्ड तशीच फसफसत फिरत होती. डॉक्टरांनी आधी वहिनींकडे पाहिलं, मग बशीरभाईंकडे. इतक्या वर्षांत त्यांनी मास्तरांना कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"मास्तर, खोटं कशाला बोललास?"

बशीरभाईंनी उठून रेकॉर्डवरची सुई उचलली.

"तू माझ्या बाजूनं बोलला," डॉक्टर म्हणाले, "म्हणजे मामला लई बिघडलाय."

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे झालेत आणि दातांच्या मशीनची उभ्या जन्माची किर्रकिर्र त्याला कारणीभूत असावी. घरी येऊन डॉक्टरांनी जाहीर केलं, "दुनियेच्या दातांनी माझे कान खाल्ले." कानात घालायचं यंत्र आणलं. त्यातून कुकर ऐकू आला, वहिनींचं बोलणं ऐकू आलं, पण गाणं पत्र्याच्या डब्यात भरल्यासारखं येई. रेकॉर्ड लावताना ते यंत्र काढून ठेवू लागले आणि वहिनींना शेजारी बसवू लागले.

"सुमन, आता कान तुझे. सुई तू ठरव."

आपल्याला गाण्यातलं काही कळत नाही, असं वहिनी लग्न झाल्यापासून सांगत आल्या होत्या. त्यांनी दोन्ही सुया नीट ऐकल्या आणि गोल निवडली. रेकॉर्डांची अंगं झिजलीत, त्यांना उगाच कशाला खरवडायचं, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवसापासून डॉक्टर गोलाचे कट्टर पुरस्कर्ते झाले. बशीरभाईंनीही मग निमूटपणे आयुष्यभराची बाजू सोडली आणि अंडाकाराची धरली. भांडण थांबू दिलं नाही.

वहिनी गाणं चालू असताना डॉक्टरांच्या कानाशी सांगत राहायच्या. "आता सारंगी वर गेली. रडतेय बघा."

"रडत नसंल. वाजवणाऱ्याला सर्दी झाली असंल," डॉक्टर म्हणायचे आणि वहिनींचा हात हातात धरून ठेवायचे.

ते गेले ते एका दुपारी, जेवून आडवे झाले तसेच. दहाव्याला वैजापूरकडचे पाहुणे दवाखान्यातच सतरंजीवर बसले होते. बशीरभाई बराच वेळ टर्नटेबलकडे बघत होते. मग घसा खाकरून म्हणाले, "कुछ भी बोलो भाभी, सुई अंडेवालीच अच्छी."

वहिनींनी पदराने डोळे पुसले. "काहीतरीच काय, मास्तर! तुम्हाला कान आहेत की बटणं? गोलच चांगली."

"गोल में वो 'स' किधर आता जी?"

"येतो! ऐकायला गप्प बसावं लागतं!"

आवाज चढत गेले. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. डॉक्टरांचे मोठे बंधू माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "यांचं काय वाटणीचं हाय का?"

"व्हय," मी म्हणालो, "बसा. लई वेळ चालंल."