मस्टर लिहिणारा माणूस

कुठलाही कागद हातात आला की गायकवाडकाका आधी तो उलटा करत. लग्नाची पत्रिका असो, विजेचं बिल असो, की मी मोठ्या हौसेने दाखवायला नेलेलं एखादं जुनं पत्रक असो. "म्होरली बाजू सायबासाठी असती, बाई," ते म्हणत. "मागं कोन काय खरडतं ते बघावं." एकदा युनियनच्या सभेच्या अहवालामागे कुणीतरी चहाचे कप मांडून ठेवले होते. काकांनी ते मला मोजून दाखवले. सोळा. अहवालात 'प्रचंड उपस्थिती' असं छापलेलं होतं.

मी चिंचवडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. पिंपरीतल्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगारांवर संशोधन करायचं मी ठरवलं आणि मग कळलं की त्या कारखान्याचं सगळं दप्तर भंगारात गेलंय. हात हलवत परत यायची वेळ आली होती, तेवढ्यात कुणीतरी काळेवाडीचा पत्ता दिला. काका त्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून होते. कोण कामावर आलं, कोण नाही, याची रोजची हजेरी मस्टरवर चढवायची, हे त्यांचं जन्मभराचं काम. भंगारवाल्याच्या टेम्पोतून त्यांनी चार मस्टर उतरवून घेतली होती आणि घरी दिवाणात ठेवली होती. "लोकं दिवानात गाद्या ठेवत्यात," काकू माझ्यादेखत कुरकुरायच्या. काका तिकडे लक्ष द्यायचे नाहीत.

वर्षभर मी दर रविवारी तिथे जात होते. संशोधनपद्धतीवरची पुस्तकं मी ढिगाने वाचली होती, पण शिकवलं काकांनी. "कागद खोटं बोलत न्हाई असं म्हननारा कदी हापिसात बसलेला नसतो," ते एकदा म्हणाले. "कागद कुटला बोलतोय? लिवनारा बोलतो. आदी त्याला इचारायचं, कोनी लिवलं आनि कोनी लिवायला लावलं." दुसऱ्या दिवशी हेच मी वर्गात फळ्यावर लिहिलं आणि माझंच असल्यासारखं ऐटीत समजावून सांगितलं.

त्याच मस्टरमध्ये मला यासीन शेख भेटला. प्रेस शॉपमधला, पत्रा दाबायच्या मशीनवरचा हेल्पर. पंचवीस वर्षांपूर्वी मशीनमध्ये सापडून तो गेला, असं त्याच्या बायकोचं, मुमताजभाभींचं म्हणणं. कंपनीचं म्हणणं वेगळं: तो त्या दिवशी कामावर आलाच नव्हता, बाहेर रस्त्यावर कुठल्यातरी गाडीने त्याला उडवलं. भाभी कुरुळीत राहतात. मी त्यांच्याकडे दोनदा गेले, जेवले. "मी डबा हातात दिला होता बाई, त्यांच्या," त्या सांगत राहिल्या. मी टिपून घेतलं आणि पुढच्या रविवारी काळेवाडीत त्या महिन्याचं पान उघडलं. यासीनच्या नावापुढे त्या तारखेला, म्हणजे महिन्याच्या शेवटच्या दिवशी, गैरहजर.

चारही मस्टर तेलकट बोटांनी मळलेली, शाई दर दोन दिवसांनी बदललेली, अक्षर कधी सरळ, कधी घाईत तिरकं. ते एकच पान लख्ख होतं. "बगा नीट," काका म्हणाले. मी म्हटलं, "काका, काय सुंदर अक्षर आहे हो तुमचं!" आणि मोबाइलवर फोटो काढला. ते आत चहा सांगायला गेले.

एका मासिकासाठीच्या लेखात मी लिहिलं: 'कुटुंबाची आठवण आणि हजेरीची नोंद यांत तफावत दिसते. दुःखात माणसाची स्मृती त्याला हवं तसं घडवून घेते.' या वाक्यावर मी फार खूश होते. आता ते नुसतं आठवलं तरी स्वतःचीच शिसारी येते. वर शहाणपणा असा, की लेखाची एक प्रत मी कुरुळीला पाठवली.

आठ दिवसांनी भाभींचा फोन आला. "बाई, कंपनीच्या साहेबानं जे सांगितलं होतं तेच तुम्ही छापलं. तो तरी मला ओळखत नव्हता. तुम्ही माझ्या हातचं खाल्लं होतं."

मी तडक काळेवाडी गाठली. काकांनी माझं तोंड बघितलं आणि मस्टर स्वतःच काढून तेच पान पुढे ठेवलं.

"म्हैनाभराचं पान एका शाईनं, एका बैठकीत लिवलेलं असतं का कुटं?" ते म्हणाले. "तुमी शिकलेल्या. तुमाला दिसंल असं वाटलं व्हतं."

मी पानावरून बोट फिरवलं. पहिल्या तारखेपासून शेवटच्यापर्यंत एकच शाई.

"त्याचं कार्ड पंच झाल्यालं मी बगितलं व्हतं. धाच्या सुमाराला मशीनीत गावून त्यो गेला. सायेब म्हनला, नवीन पान घे, आख्खं उतरवून काड. खाडाखोड दिसायला नको. मी काडलं. घरी दोन पोरं व्हती माजी."

"मग मला सांगितलं का नाहीत, काका?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तोंडातनं निघंना. म्हनून तर मस्टर उचलून आनली. कोनतरी यील, इचारंल, असं वाटायचं. तुमी वरीसभर माज्यासमोर बसला, बाई. कोनी लिवलं ते तुमाला ठावं व्हतं. कोनी लिवायला लावलं, ते इचारलंच न्हाई."

मी त्यांच्यावर चिडायला आले होते आणि मलाच तोंड दाखवायला जागा उरली नाही.

माझी दुरुस्ती मासिकाच्या पुढच्या अंकात, एका कोपऱ्यात छापून आली. तोवर काका वारले होते. पण त्याआधी, फोननंतरच्याच रविवारी, आम्ही दोघं रिक्षाने कुरुळीला गेलो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

पंचवीस वर्षांपूर्वी टाइम ऑफिसच्या खिडकीत पाहिलेल्या काकांना भाभींनी दारातच ओळखलं. काकांनी बोलायला सुरुवात केली तशी त्यांनी हात वर केला. "मला नका सांगू. मला माहीतच आहे. माझ्या पोरीला सांगा. बाईंचं वाचल्यापासून मीच खोटं सांगत आले असं तिला वाटतं, ती माझ्याकडे बघत नाही."

रेहाना चाकणला कंपनीत आहे. ती पहिली शिफ्ट करून येईपर्यंत आम्ही तासभर बसलो. ती आली, पाठीवरची बॅगही तिने उतरवली नव्हती. काका उभे राहिले. आवाज टाइम ऑफिसातला होता.

"यासीन शेख. प्रेस शॉप. पैली पाळी. हजर व्हता, पोरी. गैरहजर मी लिवलं."

रेहानाने बॅग खाली ठेवली. मग आईजवळ जाऊन खाली बसली आणि तिच्या गुडघ्यावर तिने डोकं टेकलं. भाभी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. आमच्याकडे दोघींपैकी कुणी पाहिलं नाही. थोड्या वेळाने आम्हीच उठलो.

परतताना मला राहवलं नाही. "काका, इतका वेळ बसलो, तुम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही हो त्यांनी."

"बरं केलं," काका म्हणाले. "दिलं असतं तर गिळवलं नसतं मला."