हळदीकुंकवाला वाटलेला रुमालवाला

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून नातीचं कॉमिक वाटलं, आणि तेही न वाचता. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी जेमतेम साठीची, म्हणजे अक्कल अजून यायची होती. चष्मा लावला की म्हातारी दिसते असा माझा समज होता, आणि चष्म्याशिवाय मला दिसायची ती फक्त चित्रं.

नात इथंच सुरतेत चित्रकला शिकत होती. मित्रांच्या कॉमिकमध्ये तिनं एक माणूस घुसवला होता, तोंडाला काळा रुमाल बांधलेला. एक-दोन चौकटींपुरता यायचा, एखाद्या बदमाशाचा हात मोडायचा आणि निघून जायचा. पोलिसांत देणं, माफ करणं असलं काही त्याच्या स्वभावात नव्हतं. वाचणाऱ्या पोरांना नेमका तोच आवडला. मग त्याला नायक करून नातीनं अख्खं पुस्तक काढलं. छापील गठ्ठे घरी आले, आणि सुनेनं वाणासाठी आणलेले प्लास्टिकचे डबे मी गुपचूप माळ्यावर टाकले. सोसायटीतल्या बायकांकडे आता डबे ठेवायला डबे लागत होते.

माझा मुलगा सुरतेजवळच पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, कामाला. त्याच्या साहेबाची बायको आमच्याच सोसायटीत राहायची, माहेर जळगावकडचं. तिनं वाणाचा कागद तिथंच सोडला आणि वाचायला बसली. तिळगूळ घेऊन बाहेर आलेली नात दारातच थबकली.

“आजी, बधांने आपी दीधी?” घाबरली की ती गुजरातीत जाते.

“सगळ्यांना दिली. का गं?”

तिनं मला आत ओढलं. “मिलमध्ये कामगारांची पाळी सुरू झाली की साहेब दाराला बाहेरून कुलूप लावतात, असं पप्पा जेवताना सांगत होते ना? रुमालवाला ते कुलूप फोडतो. आणि साहेबांना रंगाच्या हौदात बुडवतो. चेहरा त्यांचाच काढलाय मी. गळ्यातली चष्म्याची दोरीसुद्धा.”

मी हसत बाहेर गेले. “वहिनी, तुमच्या पुस्तकात एक पान उलटं लागलंय. द्या, बदलून देते.”

“राहू द्या काकू, उलटं धरून वाचीन.”

बाकीच्या बायका एकेक करून उठल्या. ही हलेना. पान उलटायची, परत मागं जायची. सून कुंकवाचं ताट हातात धरून तशीच उभी. शेवटी साहेबाच्या बायकोनं पुस्तक मिटलं.

“कुलपाचं खरं आहे?”

सून माझ्याकडे बघत होती. नवऱ्याची नोकरी आता सासूच्या जिभेवर आहे, हे तिच्या तोंडावर मला चष्म्याशिवायही वाचता आलं. नाही म्हणायला मी तोंड उघडलं. पण आत आग लागली तर कामगार बाहेर कसे पडणार, हे मुलगा जेवताना बोलला होता ते आठवलं.

“खरं आहे,” मी म्हणाले.

तिनं पुस्तक पर्समध्ये घातलं आणि चपला घालून गेली.

दुसऱ्या दिवशी मुलाला मिलच्या गेटवरूनच परत पाठवलं. साहेब बोलावतील तेव्हा या, म्हणाले. तरी रोज सकाळी सून त्याचा डबा भरायची आणि तो घरातच बसून खायचा. नातीनं उरलेले गठ्ठे पलंगाखाली ढकलले. रविवारी मित्रांबरोबर पुस्तक लोकांसमोर ठेवायचं ठरलं होतं, तिकडे ती गेलीच नाही. मी एकदोन विनोद करून पाहिले. कुणी हसलं नाही.

मग एका संध्याकाळी भाजीच्या लारीपाशी, हातगाडीजवळ, साहेबाची बायको समोर आली. मी मान खाली घालून भेंड्या निवडायला लागले, चांगल्या टाकून किडक्या ठेवायला लागले. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि हळूच म्हणाली,

“मुलाला म्हणावं उद्यापासून पाळीला ये, कुलूप काढायला लावलंय मी. आणि पोरीला सांगा काकू, साहेबाला हौदात बुडवलं ते ठीक, पण त्याची बायको कुठेच दिसली नाही त्या पुस्तकात.”