कामट्यांनी बांधलेला हात

दादाचा हात मी बांधला होता. डॉक्टरांना मी वेगळंच सांगितलं, आणि ते खोटं अजून मागे घेतलेलं नाही.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं. आम्ही निमगाव केतकीला राहत होतो. कळप विकून बराच काळ लोटला होता, पण मेंढराचा मोडलेला पाय बांधायचं कसब माझ्या हातात उरलं होतं. बांबूच्या कामट्या लावायच्या, वरून ओलं फडकं गच्च गुंडाळायचं. वाळलं की ते आणखी आवळतं. मी बांधलेलं एकही जनावर लंगडं राहिलं नव्हतं. याचा मला गर्व होता.

दादा, माझा थोरला भाऊ, बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला होता. एका सकाळी पाळी संपवून येताना गावाजवळच खडीवर त्याची मोटारसायकल घसरली. कोपर आणि मनगटाच्या मधे हात वाकला होता.

"बारामतीला न्या रं त्याला," आई म्हणाली.

"कशाला? गेल्या म्हयन्यात बांधलेली शेळी आज पळतीय."

दादा तशातही हसला. "बांध लेका. फकस्त म्होरं पाला टाकू नगंस."

दुपारी तो म्हणाला, "जरा ढिलं कर. बोटांत मुंग्या आल्यात."

"आता सोडलं तर हाड वाकडं बसंल."

तासाभरानं त्यानं पुन्हा विनवलं. मी त्याचं एक बोट सरळ करून पाहिलं तर तो किंचाळला. मी आईला म्हणालो, "दादा लईच नाजूक झालाय कारखान्यात जाऊन."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटं निळसर आणि गार होती. मी हात लावलेला त्याला कळत नव्हता. बारामतीला जाणाऱ्या जीपमध्ये बसल्यावर मी लोकर कातरायच्या कात्रीनं फडकं कापलं.

"दादा, बोटं हलीव."

"हलिवतोय की," तो म्हणाला.

एकही बोट हलत नव्हतं. बारामती येईपर्यंत मी त्या बोटांवरून नजर हटवू शकलो नाही.

"कुणी बांधलं हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"गावातल्या एका म्हाताऱ्यानं."

दादानं माझ्याकडे पाहिलं. मग तो छताकडे बघू लागला.

डॉक्टरांनी माझाच हात धरून समजावलं. बोटं मिटायची ताकद बोटांत नसते. ते स्नायू कोपराखाली असतात, आणि कंडरा नावाच्या दोऱ्यांनी बोटं ओढतात. स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. म्हणून मिटणारे वेगळे, उघडणारे वेगळे. मार लागून दादाचे ते स्नायू सुजले, पण आवळलेल्या फडक्यात फुगायला जागाच नव्हती, आणि रक्त आत जाईनासं झालं. रक्ताशिवाय स्नायू काही तासांत मरतो. मेलेला पुढे ताठ आणि आखूड होत जातो.

तेव्हा मला उमगलं. मेंढीच्या पायाला मी बांधत असे तिथे नुसतं हाड, कातडी आणि दोऱ्या. मांस वर, मांडीत. माणसाच्या कोपराखाली मांस भरलेलं असतं. मी ते आवळलं होतं.

शस्त्रक्रियेत कातडी उघडून आतला दाब मोकळा केल्यावर डॉक्टर बाहेर आले. "जिवंत स्नायू चिमट्यात धरला की आकसतो. काही आकसले, बाकीचे मेलेत. त्या म्हाताऱ्याला सांगा, पुन्हा माणसाला हात लावू नको."

"सांगतो," मी म्हणालो.

हाड सरळ बसलं. बोटं मात्र महिन्या-महिन्यानं तळव्याकडे वळत गेली. मनगट खाली वाकवलं तरच ती थोडी उघडत. कारखान्यानं त्याला फाटकावर बसवलं. रोज सकाळी मी त्याचा हात कोमट पाण्यात धरून एकेक बोट ताणत असे.

एकदा तसंच ताणताना मी म्हणालो, "दादा, डॉक्टरला खरं सांगाय पायजे हुतं."

"मग सांग की जाऊन."

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याचीच मला जास्त भीती वाटली. दुसऱ्या दिवशी मी बारामतीला गेलो. दवाखान्यासमोर चहा प्यालो, फाटकापर्यंत गेलो आणि परतीची एसटी धरली.

"भेटला का डॉक्टर?" दादानं विचारलं.

"न्हाय. लई गर्दी हुती."

"व्हय," तो म्हणाला, आणि त्यानं हात माझ्यापुढच्या पाण्यात ठेवला.