वाकळीच्या घडीतला पाला

आमची मुलगी लग्नानंतर अकरा वर्षांनी झाली. त्यामुळे तिच्या बाबतीत मी जरा जास्तच मोजमाप ठेवतो, असं बायको म्हणते. पोरगी अंगणवाडीत होती तेव्हा खिचडी खाऊन तिथेच सतरंजीवर तासभर झोपायची. संध्याकाळी सकाळचं गाणं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हणून दाखवायची. पाहुण्यांच्या गडबडीत तिला लवकर घरी आणलं आणि दुपारी झोप झाली नाही, तर तेच गाणं अर्ध्यावर तुटायचं. सेविकाबाई म्हणायच्या, "दुपारची झोप मोडू नका, भाऊ. सकाळचं शिकलेलं लेकरू झोपेतच मुरवते." मी ताडून पाहिलं होतं. बाई खरं बोलत होत्या.

दिवाळीनंतर आम्ही तिला नर्सरीत घातलं. आमच्या धामणगाव बढ्याहून शाळेची व्हॅन जायची. प्रवेशाच्या वेळी मी एकच गोष्ट विचारली, मुलं दुपारी झोपतात का? मॅडमनी रोजची वही दाखवली. जेवण, शी-शू, झोप, प्रत्येकाला वेगळा रकाना. "रोज एक ते दोन, सर. अंथरूण तेवढं घरून द्या."

बायकोनं जुन्या लुगड्यांची छोटी वाकळ शिवली. आमच्याकडे वाकळ घडी करून ठेवताना आत कडूनिंबाचा पाला घालतात, कीड लागू नये म्हणून. हात सवयीचा, तिनं याही घडीत घातला. "अंथरताना मॅडम झटकून घेतीन," म्हणाली.

वही रोज घरी यायची. झोप : एक ते दोन. निळी शाई, खाली सही. पण पोरगी व्हॅनमधून उतरली की चपलेसकट ओट्यावर आडवी व्हायची. गाणं दोन ओळींत अडायचं. पूर्वी दहा चित्रं दाखवून झाकली तर आठ-नऊ सांगायची, आता चारावर थांबायची.

"काऊन वं, आठवत नाही तुले? तासभर झोपते ना तिथं?"

"मी नाई झोपली, बाबा."

"खोटं नको बोलू. वहीत लिहेल आहे."

"नाई झोपली ना पण!"

मी वही उघडून तिच्यापुढे धरली. तिला वाचता येत नव्हतं. असं तीन-चारदा झालं. एकदा तर खोटं बोलते म्हणून मी तिला ओट्यावर उभं केलं. त्यानंतर विचारलं की ती मान हलवायची, "हाव, झोपली." मला वाटलं, सुधारली.

एप्रिलच्या शेवटी वाकळ घरी आली. उन्हात टाकायला बायकोनं अंगणात घडी उलगडली आणि मला हाक मारली. पाला आतच होता. वाळून कडक झालेला, पण दुमडीत दाबलेली पानं अख्खी, तिनं ठेवली होती तशी. वाकळ एकदाही अंथरलेली नव्हती. मी वही घेऊन मोजलं. ब्याण्णव दिवस झोप लिहिलेली होती.

मी वही घेऊन शाळेत गेलो. मॅडमनी नाकारलं नाही. "त्या तासात आम्ही पोरांकडून अक्षरं लिहून घेतो, सर. पालकांले अक्षरांची वही भरलेली लागते. पोरं झोपवायले पाठवतो का, म्हणतात."

"मग झोप काऊन लिहिली?"

"रकाना होता ना."

ब्याण्णव वेळा फसवलं गेल्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. मी त्या वहीवर विश्वास ठेवला होता, कारण तिच्यात वेळ होती, सही होती. त्या सगळ्या दिवसांत मला खरं सांगणारं माणूस एकच होतं, आणि त्याला मी ओट्यावर उभं केलं होतं.

आता ती दुपारी त्याच वाकळीवर झोपते. गाणी परत आली आहेत, पूर्णच्या पूर्ण. म्हणते मात्र आईजवळ. परवा मी बाहेरून आलो, ती खडूंनी चित्र रंगवत बसली होती. "झोपली होती का वं आज?" मी विचारलं.

तिनं मान वर केली नाही. "मले काऊन विचारता, बाबा? वहीत पाहा ना."